शोलाकिळी का दिसत नाही, आणि ती महाबळेश्वरला का नसते

पुण्याच्या एका पक्षिनिरीक्षकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. एप्रिलमध्ये तमिळनाडूच्या पळणी डोंगरातल्या कोडाईकनालला तीन दिवस राहून आणि रोज पहाटे शोला जंगलाच्या कडेने फिरूनही त्यांना शोलाकिळी फक्त ऐकू आली, दिसली नाही; तेव्हा हा पक्षी इतका लाजाळू का, हा पहिला प्रश्न. त्यांच्या मित्राने ऑक्टोबरात महाबळेश्वरच्या जंगलात जमिनीवर टुणटुण उड्या मारणारा, निळ्या पाठीचा, नारिंगी-तांबूस छातीचा आणि पांढऱ्या भुवईचा एक लहान पक्षी पाहिला; ती शोलाकिळीच होती का, हा दुसरा. आणि त्यांच्या निसर्गप्रेमी गटाला पळणी डोंगरातल्या उघड्या गवताळ उतारांवर देशी झाडे लावून या पक्ष्याचे घर वाढवायचे आहे. त्यासाठी कोणती झाडे निवडावीत, हा तिसरा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे आधी देऊन टाकतो. महाबळेश्वरला दिसलेला पक्षी शोलाकिळी नव्हता. आणि त्या गवताळ उतारांवर कोणतेही झाड लावू नये, मग ते देशी असो वा परदेशी. असे का, हे मात्र पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून सविस्तर सुरुवात तिथूनच करतो.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. डोंगरमाथ्यावरच्या घळींमध्ये वाढणाऱ्या बुटक्या सदाहरित जंगलाला तमिळमध्ये ‘सोलै’ म्हणतात, त्यावरून ‘शोला’ हा शब्द रूढ झाला. ‘किळी’ म्हणजे तमिळमध्ये पोपट आणि मल्याळममध्ये कोणताही लहानसा पक्षी. इंग्रजी पुस्तकांतून वाचून आपल्याकडे काही जण ‘शोलाकिली’ असे लिहितात. पण मूळ शब्दात ‘ळ’ आहे आणि तो आपल्या वर्णमालेतही आहे, तेव्हा तो गाळण्याचे कारण दिसत नाही. हा पक्षी साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे आपल्या दयाळपेक्षा लहान. पाय लांब, शेपटी आखूड, अंग गुटगुटीत, आणि उभे राहण्याची ढब ताठ. पाठ, डोके, गळा आणि छाती गडद निळी. डोळ्याच्या पुढचा भाग काळा आणि त्याच्या वर फिकट भुवईची लहानशी रेघ. निलगिरीतल्या शोलाकिळीच्या पोटाच्या बाजू तांबूस असतात, तर पळणी आणि अनैमलाईतल्या शोलाकिळीचे पोट पांढरे आणि बाजू निळसर करड्या असतात. तुम्ही कोडाईकनालला गेला होता, म्हणजे तुम्ही ऐकली ती पांढऱ्या पोटाची.

आता ‘लाजाळू’ या शब्दाकडे वळू. मला पहिली शोलाकिळी मुन्नारजवळ दिसली, तीही सलग चार सकाळी वाया गेल्यानंतर पाचव्या दिवशी संध्याकाळी, आणि जंगलात नव्हे तर आम्ही उतरलो होतो त्या झोपडीमागे भांडी घासण्याच्या जागेजवळ. दिवेलागणीच्या सुमारास सांडपाण्याच्या चरात ती किडे टिपत होती, आम्ही चौघे तिथून सात-आठ पावलांवर चहा पीत बोलत बसलो होतो, आणि तिला आमची काहीही फिकीर नव्हती. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत असा प्रसंग इतक्या वेळा आला आहे की, हा पक्षी माणसाला घाबरतो असे मी आता म्हणत नाही. तो टाळतो ते उघड्या जागेला आणि उजेडाला. उजेड मावळला की जंगलाच्या अगदी कडेपर्यंत, क्वचित पाच-दहा फूट बाहेरही येतो. उजाडले की परत झुडपांच्या तळाशी जातो. शोलाच्या आत भर दुपारी जो अंधूक हिरवा प्रकाश असतो, तोच त्याचा दिवस.

हे समजण्यासाठी शोलाची जमीन कशी असते ते डोळ्यांपुढे आणावे लागेल. समुद्रसपाटीपासून साधारण १,४०० मीटरच्या वर, दक्षिण सह्याद्रीच्या माथ्यावर, गवताच्या गोलाकार टेकड्या असतात आणि दोन टेकड्यांमधल्या ओलसर घळीत तेवढ्यापुरते जंगल असते. झाडे पंधरा-वीस मीटरपेक्षा क्वचितच उंच, खोडे वाकडी, फांद्या शेवाळ, नेचे आणि आमरींनी लगडलेल्या, आणि पर्णसंभार वरून पाहिला तर फुलकोबीच्या गड्ड्यासारखा एकसंध. जांभळाच्या, दालचिनीच्या आणि चाफ्याच्या कुळांतली झाडे इथे असतात. त्यांच्याखाली आपल्या कारवीच्या भाऊबंद झुडपांची दाटी असते, इतकी की कमरेपर्यंतचे दहा फुटांपलीकडचे काही दिसत नाही. त्याही खाली ओल्या पाचोळ्याचा जाड थर, कुजलेली ओंडकी, आणि बहुधा एखादा लहानसा ओहोळ. शोलाकिळीचे सगळे आयुष्य या शेवटच्या दोन थरांत, म्हणजे जमिनीपासून माणसाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत, घडते. ती पाचोळ्यावर चार-पाच उड्या मारते, थांबते, मान कलती करते, एखादा भुंगेरा, नाकतोडा किंवा अळी उचलते, आणि पुन्हा झुडपात शिरते. घरटे ओहोळाच्या काठच्या दरडीतल्या किंवा झाडाच्या खोडातल्या पोकळीत, फार उंच नाही, शेवाळ आणि बारीक मुळ्यांनी बांधलेले असते. अंडी साधारणपणे दोन. विणीचा हंगाम एप्रिल ते जून, म्हणजे मोठा पाऊस कोसळण्यापूर्वीचा.

म्हणजे तुम्ही वाटेवर उभे होता आणि पक्षी वाटेपासून बहुधा पंधरा-वीस फुटांवर होता. तरी तुमच्या दोघांमध्ये झुडपांची एक भिंत होती. त्यात तिचे गाणे आणखी फसवते. त्यात वरच्या पट्टीतल्या बारीक, लांबट शिट्ट्या असतात आणि मध्येच खरखरीत, गुणगुणल्यासारखे सूर मिसळतात. शिट्टीचा सूर दाट झाडीतून आला की तो नेमका कुठून येतो हे कानाला ठरवता येत नाही. नवखा माणूस आवाजाच्या दिशेने चालू लागतो, पाचोळा वाजतो, पक्षी गप्प होतो, आणि मग ‘फारच बुजरा पक्षी’ अशी नोंद वहीत होते. मीही अशा पुष्कळ नोंदी केल्या आहेत.

पण उघड्या जागेत न येण्याच्या या सवयीचा परिणाम केवळ आपल्या दुर्बिणीपुरता राहत नाही. विचार करा: ज्या पक्ष्याला शंभर मीटर गवताळ माळ ओलांडणेही नकोसे असते, तो डोंगरांच्या दोन रांगांमधली रुंद, उष्ण, सखल दरी कशी ओलांडणार? पश्चिम घाटात अशा दोन मोठ्या खिंडी आहेत. निलगिरी आणि अनैमलाई यांच्यामधली पालक्काड खिंड ३० ते ४० किलोमीटर रुंद आहे आणि तिच्या तळाची उंची शोलाच्या उंचीपेक्षा हजारभर मीटरने कमी आहे. दुसरी शेनकोट्टा खिंड, केरळ आणि तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडे. ती बरीच अरुंद आहे, पण आपल्या पक्ष्याच्या दृष्टीने तितकीच दुस्तर. या दोन खिंडींनी शोलाकिळींचे तीन भाग पाडले आहेत. पालक्काडच्या उत्तरेला, निलगिरीपासून कर्नाटकातल्या बाबाबुदन डोंगरांपर्यंत, निलगिरी शोलाकिळी. दोन खिंडींच्या मध्ये, अनैमलाई आणि पळणीच्या पट्ट्यात, पांढऱ्या पोटाची. आणि शेनकोट्टाच्या दक्षिणेला अशांबू डोंगरातली तिसरी. जनुकीय अभ्यासांतून दिसते की खिंडींच्या आरपार असलेले हे पक्षी लाखो वर्षे एकमेकांपासून तुटलेले आहेत. डोंगरमाथ्यांच्या या तुकड्यांना अभ्यासक ‘आकाशातली बेटे’ म्हणतात. हा शब्दप्रयोग मला पूर्वी जरा कवितेतला वाटे. पण जानेवारीच्या सकाळी निलगिरीतल्या दोड्डबेट्टा शिखरावरून खालचे सगळे खोरे ढगांनी भरलेले पाहिल्यावर त्याबद्दलची माझी तक्रार संपली.

या पक्ष्याचे वर्गीकरणात जे हाल झाले तेही सांगण्यासारखे आहेत, कारण तुम्ही वापरत असलेल्या जुन्या पुस्तकात तुम्हाला त्याचे नाव वेगळेच सापडेल. हिमालयात आणि आग्नेय आशियात ‘शॉर्टविंग’ नावाचे असेच आखूड पंखांचे, लांब पायांचे, झुडपात दडणारे पक्षी आहेत. शोलाकिळी दिसते तशीच आणि वागते तशीच, म्हणून प्रदीर्घ काळ तिला त्यांच्यातच बसवले गेले. सालिम अली यांच्या पिढीने तर निलगिरीची आणि पळणीची मिळून एकच जाती धरली होती. २००५ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी दोघींना वेगळ्या जाती मानून दुसऱ्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या दुसऱ्या गटात, हलवले. २०१७ मध्ये व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन, सुषमा रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय पुरावा, आवाज आणि शरीराची मापे एकत्र तपासून दाखवले की, या पक्ष्यांचे खरे नातलग शॉर्टविंग नसून माशीमार आहेत. आपण सह्याद्रीत पाहतो तो टिकेलचा निळा माशीमार ज्या घराण्यातला, त्या निळ्या माशीमारांचे. त्यांच्यासाठी ‘शोलिकोला’, म्हणजे शोलात राहणारा, ही नवी प्रजाती स्थापन झाली आणि अशांबूची शोलाकिळी स्वतंत्र जाती म्हणून नोंदली गेली. माशीमाराच्या कुळातला पक्षी जमिनीवर उतरून, पाय लांब करून, उडणे जवळजवळ सोडून देऊन शॉर्टविंगसारखा दिसू लागतो, हे शोलाच्या तळाशी राहण्याने काय घडते याचे मला माहीत असलेले सर्वांत नेमके उदाहरण आहे.

इथे एक छोटे विषयांतर करतो, कारण त्याचा संबंध आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याशी आहे. पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीचा शोध पळणी डोंगरात लावला तो रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक यांनी, आणि हे गृहस्थ अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे त्यांचे आयुष्यभराचे काम अहमदनगरच्या परिसरात, नेवाशाकडच्या वडाळ्याला. उन्हाळ्यात मिशनरी मंडळी कोडाईकनालला जात. फेअरबँक तिथे पक्षी आणि शंख-शिंपले जमवीत. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६८ च्या सुमारास पळणीतले पक्षी शास्त्रापुढे मांडले. तिथल्या लाफिंगथ्रश नावाच्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘फेअरबँकी’ आहे. याच फेअरबँकांनी पुढे १८७६ मध्ये खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगरच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. म्हणजे पांढऱ्या पोटाची शोलाकिळी शोधणारा पक्षिनिरीक्षक महाबळेश्वरही धुंडाळून आला होता. तुमच्या मित्राला हे अवश्य सांगा.

आता मित्राच्या पक्ष्याविषयी. ऑक्टोबर, जमीन, निळी पाठ, नारिंगी-तांबूस छाती, पांढरी ठळक भुवई: हे वर्णन हिमालयात वीण करणाऱ्या आणि हिवाळ्यात दक्षिण सह्याद्रीत व श्रीलंकेत उतरणाऱ्या निळ्या रॉबिनच्या नराशी तंतोतंत जुळते. ऑक्टोबरात तो दक्षिणेकडे जाताना आपल्या सह्याद्रीत थांबतो. ओळखण्याची खूण छातीवर आहे: निळ्या रॉबिनचा नारिंगी रंग हनुवटीखालून, गळ्यापासूनच सुरू होतो, तर शोलाकिळीचा गळा आणि छाती निळीच असते आणि तांबूस किंवा पांढरा रंग त्याच्या खाली, पोटावर येतो. छायाचित्र असेल तर एवढे पाहिले तरी पुरे. हा गोंधळ कोडाईकनाल आणि उटीलाही होतो, कारण हिवाळ्यात दोन्ही पक्षी एकाच झुडपाखाली सापडू शकतात. तिथल्या हिवाळ्यातल्या ‘शोलाकिळीच्या’ कित्येक नोंदी मी या एका खुणेवरून रद्द झालेल्या पाहिल्या आहेत. महाबळेश्वरला ओहोळाकाठी निळा पक्षी दिसला की आणखी एक शक्यता असते ती शीळकरी कस्तुराची. पण तो आकाराने बराच मोठा, काळपट, कपाळावर आणि खांद्यावर चमकदार निळा, आणि त्याची माणसासारखी आळसावलेली शीळ एकदा ऐकली की विसरत नाही.

मग शोलाकिळी महाबळेश्वरला का नसावी? उंचीचा प्रश्न नाही. महाबळेश्वरचा माथा १,४३८ मीटर आहे आणि कळसूबाई तर १,६४६ मीटर. पावसाचाही नाही, कारण महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस दक्षिणेतल्या अनेक शोलांपेक्षा जास्त आहे. फरक आहे तो पाऊस वर्षात कसा वाटला जातो यात. आपल्याकडे चार महिने धुवाधार आणि उरलेले सात-आठ महिने जवळजवळ कोरडे. दक्षिणेत नैऋत्य मोसमी पाऊस ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येचा येतो, उन्हाळ्यात वळीव पडतात, आणि शोलाची जमीन खऱ्या अर्थाने कोरडी अशी दोन-तीन महिनेच असते. आपल्या अंजनी, पिसा आणि जांभळांच्या जंगलालाही बुटकी सदाहरित झाडी आहे, सावलीही आहे, पण मार्च-एप्रिलमध्ये तिथला पाचोळा पायाखाली कुरकुर वाजतो. पाचोळ्यातल्या किड्यांवर बारा महिने जगणाऱ्या आणि स्थलांतर न करणाऱ्या पक्ष्याला हे चालत नाही. शिवाय बाबाबुदनपासून महाबळेश्वरपर्यंत मध्ये काहीशे किलोमीटर सह्याद्री सलग असा उंच नाहीच. आंबोली, कॅसलरॉक, अंशी हा सगळा पट्टा दाट जंगलाचा आणि भरपूर पावसाचा असला तरी शोलाच्या उंचीपर्यंत पोहोचत नाही. निलगिरी शोलाकिळीला उत्तरेकडे येण्यासाठी पायरीच नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर मला जरा थांबावे लागेल, कारण तो चांगल्या हेतूने विचारलेला आहे आणि अशाच चांगल्या हेतूंनी शोलाचे सर्वाधिक नुकसान झालेले आहे. गवताच्या टेकड्या पाहिल्या की आपल्याला वाटते, इथे पूर्वी जंगल असणार आणि ते तोडले गेले असणार. महाराष्ट्रातल्या अनेक बोडक्या डोंगरांबद्दल ते खरेही आहे. निलगिरीत मात्र पर्यावरणशास्त्रज्ञ रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलदलीतल्या कुजट थरांचा अभ्यास करून १९९३ मध्ये दाखवून दिले की, सुमारे २० हजार वर्षांपूर्वीदेखील तिथे गवत होते. हवामानाप्रमाणे गवत आणि जंगल यांची सीमा मागेपुढे होत आलेली आहे. हिवाळ्यात माळावर रात्री दहिवर गोठते आणि त्यात जंगलातल्या झाडांची कोवळी रोपे जळून जातात. घळीत, झाडांच्या छपराखाली, ती तगतात. हा गवताळ माळच पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि ते हळूहळू घळीतल्या ओहोळात सोडतो. शोलाकिळी माळावर पाऊल ठेवत नसली तरी तिचा ओहोळ माळामुळे वाहतो.

या माळांवर इंग्रजांनी आणि नंतर आपण काय लावले, हे तुम्हाला वाटेत दिसलेच असेल: वॅटल (ऑस्ट्रेलियातली एक बाभूळ), पाइन आणि निलगिरी. भाषेचा उपरोध असा की, आपण मराठीत ज्याला निलगिरी म्हणतो ते झाड ऑस्ट्रेलियातले आहे. ज्या डोंगरातल्या माळांवर ते पसरले, त्या डोंगराचे नाव आपण त्याच झाडाला देऊन टाकले. सालीतल्या टॅनिनसाठी लावलेले वॅटल तर आता कोणी न लावता पसरते. पळणी डोंगरांच्या उपग्रहचित्रांवरून केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की, सुमारे चार दशकांत तिथला दोन तृतीयांश गवताळ प्रदेश नाहीसा झाला, आणि त्याचे मुख्य कारण लाकडाची लागवड आणि शेती. शोलाचे क्षेत्रही घटले, पण गवताइतके नाही. म्हणून तुमच्या गटाला काही करायचेच असेल तर माळावरची वॅटलची कोवळी रोपे, वनखात्याची परवानगी घेऊन आणि स्थानिक जाणकारांबरोबर, मुळासकट उपटण्याच्या कामात हात लावा. ते कंटाळवाणे, छायाचित्रात न शोभणारे आणि दर वर्षी पुन्हा करावे लागणारे काम आहे. जुन्या, मोठ्या झालेल्या लागवडीचा प्रश्न वेगळा. तिच्या सावलीत कित्येक ठिकाणी शोलाची रोपे आपोआप उगवताना दिसतात, आणि तिथे सरसकट तोड केल्यास ती रोपेही जातात. कुठे काय करावे हे जागेवर उभे राहूनच ठरवावे लागते.

तुकडे पडण्याचा परिणाम लाखो वर्षांनीच दिसतो असेही नाही. शोलाच्या ज्या तुकड्यांमधले जंगल गेल्या शतकाभरात तुटले, चहामळे आणि लागवडीमुळे, तिथल्या शोलाकिळींमध्ये जनुकीय वेगळेपणा दिसू लागला असल्याचे रॉबिन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळले आहे. गाण्यातही असेच: खिंडींच्या दोन बाजूंच्या पक्ष्यांचे गाणे वेगळे असतेच, पण अलीकडे तुटलेल्या जंगलांतल्या पक्ष्यांच्या गाण्यातही काही फरक नोंदवले गेले आहेत. निलगिरी शोलाकिळी आज जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे आणि पांढऱ्या पोटाची ‘असुरक्षित’ वर्गात. मधला मळा आपल्याला दहा मिनिटांत ओलांडता येतो, म्हणून हे अंतर आपल्या ध्यानात येत नाही.

आता, ती पाहावी कशी. दाट शोलात आत शिरू नका. परवानगीचा प्रश्न असतोच, शिवाय गवे असतात आणि ते दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाहीत. वाट जिथे ओहोळ ओलांडते अशी जागा शोधा, जिथे वाटेवर झाडांचे छप्पर मिटलेले आहे आणि कडेला पाचोळा मोकळा दिसतो. कोडाईकनाल गावालगत बॉम्बे शोला आहे, वट्टकनालच्या वाटा आहेत. मुन्नारच्या बाजूला पांबाडुम शोला हे केरळमधले सर्वांत लहान राष्ट्रीय उद्यान आहे. निलगिरीतली हवी असेल तर कोटगिरीचा लाँगवूड शोला किंवा उटीजवळचे केर्न हिल. उजाडण्यापूर्वी वीस मिनिटे तिथे पोहोचा, एखाद्या खोडाला पाठ टेकून बसा आणि तासभर उठू नका. ही गोष्ट सांगायला सोपी आणि करायला फार कठीण आहे. मी ज्यांना घेऊन गेलो त्यांपैकी निम्मे लोक पंचवीस मिनिटांनी उठून उभे राहतात. शोलाकिळी आपला इलाखा धरून राहणारी आहे, त्यामुळे एका जागी आज ऐकू आली तर उद्याही तिथेच असेल. नवी जागा शोधण्यापेक्षा त्याच जागी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणे फायद्याचे ठरते. तुम्ही तीन दिवसांत, माझ्या अंदाजाने, तीन वेगवेगळ्या वाटा फिरला असाल. दुर्बीण आठ पट वर्धनाची आणि रुंद भिंगाची घ्या. दहा पटीची दुर्बीण त्या अंधारात निरुपयोगी ठरते, आणि इतक्या जवळच्या पक्ष्यावर नीट स्थिरही होत नाही. सकाळ वाया गेली तर संध्याकाळी जंगलाला टेकून असलेल्या एखाद्या वस्तीच्या मागच्या बाजूला शांतपणे चहा घेत बसा. माझ्या निम्म्याहून अधिक चांगल्या नोंदी अशाच झाल्या आहेत.

मोबाइलवर गाणे वाजवून तिला बाहेर काढण्याचा मोह मात्र टाळा. मी स्वतः एकदा तो प्रयोग केला आहे आणि त्याचा अभिमान नाही. पळणीत, मे महिन्यात, बरोबरच्या मंडळींच्या आग्रहाखातर मी ध्वनिमुद्रण लावले. दहा मिनिटे काही झाले नाही, तेव्हा लक्षात आले की ते निलगिरीत केलेले आहे. दुसरे, स्थानिक मुद्रण लावताच पक्षी वाटेवर आला, शेपटी उभारून, गळा फुगवून, आमच्या पायांपाशी चकरा मारू लागला. सगळ्यांना उत्तम छायाचित्रे मिळाली. तो पाऊण तास गात राहिला आणि तेवढ्या वेळात त्याने एकही किडा टिपला नाही. चोचीत चारा घेऊन त्याची जोडीदारीण पलीकडच्या दरडीपाशी तशीच थांबून होती, हे मला शेवटी दिसले. घरटे त्या दरडीत होते. विणीच्या दिवसांत चांगल्या हवेचा प्रत्येक तास मोजका असतो, कारण दुपारनंतर धुके किंवा पाऊस येतो.

म्हणून पुढच्या खेपेला एप्रिल-मेऐवजी मार्चचा पहिला पंधरवडा निवडा: गाणे सुरू झालेले असते, घरटी बहुधा लागलेली नसतात, पर्यटकांची गर्दीही कमी असते. पहाटे थंडी असते, तेव्हा बसायला जाड कापडाचा तुकडा न्या, आणि मिठाची एक पुरचुंडी खिशात ठेवा. त्या काळातही एखादा वळीव होऊन गेला की, ओल्या पाचोळ्यात तासभर न हलता बसलेल्या माणसापर्यंत पहिल्यांदा जळवा पोहोचतात आणि शोलाकिळी नंतर.